शिगेचं माप

माझी बाळंतपणाची रजा संपत आली होती आणि लेकीचं पोट काही थाऱ्यावर येत नव्हतं. बाटली संपली की थोड्या वेळाने ती पाय पोटाशी घ्यायची, लालबुंद व्हायची आणि कुंथत राहायची. पोट हाताला टणक लागायचं. तिच्या रडण्यात दुखण्याइतकाच रागही असायचा, आणि तो तिने कुठून आणला हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. माझाही राग नाकावरच असतो.

माझं दूध तिला पुरत नाही, हे मी एव्हाना रडूनभांडून मान्य केलं होतं. त्यामुळे वरवर बघता प्रश्न एवढाच होता की फॉर्म्युलाचा डबा कुठला आणायचा. पण त्याच्या आत दुसरा प्रश्न होता आणि तो मला पोखरत होता. अशी कळवळणारी पोर घरी ठेवून मी कामावर जाऊ शकेन का? सासूबाई तिला सांभाळायला तयार होत्या, नव्हे, त्या दिवसाची वाटच बघत होत्या. मलाच धीर होत नव्हता. नोकरी सोडते, असं मी मनातल्या मनात म्हणून बघायचे आणि डोळे भरून यायचे.

पहिला डबा हॉस्पिटलमधून निघताना सांगितलेला. दुसरा नवऱ्याने शोधला. हा माणूस मिक्सर घेतानासुद्धा लोकांचे अभिप्राय वाचत बसतो, लेकीच्या दुधासाठी तर त्याने फोन खाली ठेवलाच नाही. माजिवड्याच्या केमिस्टकडे जाऊन तो काउंटरवर डबे मांडायचा आणि मागचा बारीक मजकूर वाचत उभा राहायचा. शेवटी केमिस्ट कंटाळून म्हणाला, "साहेब, हा न्या. पोटाला हलका आहे, सगळे हाच नेतात." सगळे नेतात म्हटल्यावर आम्हीही नेला. सुरुवातीला बरं वाटलं, म्हणजे आम्हाला तसं वाटून घ्यायचं होतं. मग पुन्हा तेच पाय पोटाशी आणि तेच कुंथणं.

डोंबिवलीहून आईचा रोज फोन. "बाळगुटी दे गं. वेखंड आणि मुरुडशेंग, सहाणेवर एकेक वेढा. तुला तेच देऊन वाढवलंय." माझी आई शाळेत विज्ञान शिकवायची. जन्मभर मुलांना पुरावा मागायला शिकवलं आणि नातीच्या पोटासाठी थेट सहाणेवर आली.

मग आम्ही माणकोलीच्या नव्या पुलावरून डोंबिवलीला तिच्याचकडे गेलो, कारण मला लहानपणी बघणारे बालरोगतज्ज्ञ अजून तिथे बसतात. त्यांनी लेकीचं पोट दाबून पाहिलं, वजन केलं, तिला दोनदा हसवलं आणि मग आमच्याकडे वळले.

"पोरगी उत्तम आहे. तुम्ही दोघं थोडे शांत व्हा. सारखे डबे बदलू नका, तिच्या पोटाला सवय तरी कशाची व्हायची? हा एक लिहून देतो, त्यावर टिकून राहा. डब्यावर लिहिलंय तसंच बनवा. आणि गुटी, मध, काही नको."

शेवटच्या वाक्याला बरोबर आलेल्या आईने खिडकीबाहेर बघितलं.

नवरा ठाण्याला परतला आणि मी लेकीला घेऊन थोडे दिवस आईकडेच राहिले. बाटली आई बनवायची. बाटली डोळ्यांसमोर धरून पाण्याची रेघ बघायची, चमचा भरायची आणि चाकूच्या पाठीने वरची पावडर सपाट करून डब्यात परत पाडायची. "प्रॅक्टिकलची परीक्षा आहे का?" मी चिडवलं. "परीक्षाच आहे," ती म्हणाली, आणि पुढचा चमचा भरला.

लेक निवली. पोट मऊ झालं, दुपारी पाय ताणून झोपायला लागली. तिची साधी, मऊ, पिवळी शी बघून मला जो आनंद झाला तो दहावीच्या निकालालाही झाला नव्हता. मी नवऱ्याला फोन करून सांगितलं, "सापडला. हाच डबा." त्याने लगेच तसेच आणखी दोन आणून ठेवले. मी ऑफिसला कळवून टाकलं की ठरल्याप्रमाणे येते.

घोडबंदर रोडला आमच्या घरी परत आलो, आणि दोन-तीन दिवसांत तिने पुन्हा पाय पोटाशी घेतले. डबा तोच होता. पाणीही तसंच उकळून गार केलेलं. वेगळं एकच होतं: आमच्याकडे लेकीच्या बाटलीची जबाबदारी सासूबाईंची होती. तसं कोणी ठरवलं नव्हतं. स्वयंपाकघर त्यांचं, म्हणून बाटलीही त्यांचीच झाली.

माझं डोकं फिरलं. या नक्की काहीतरी चाटवतात, मधाचं बोट म्हणा, नाहीतर आईने यांनाही फोनवर गुटी सांगितली असेल. मी तोंडाने काही बोलले नाही, पण ओट्यावर भांडी अशी आपटली की नवरा दोनदा येऊन बघून गेला. मग एका दुपारी सासूबाई बाटली करायला गेल्या तेव्हा मीही गेले आणि फ्रीज उघडून उगाच काहीतरी शोधत उभी राहिले.

त्यांनी हात धुतले. पाणी अगदी रेघेवर घेतलं. मग डब्यात चमचा घातला आणि वर काढला तो शिगोशीग, भाताच्या मुदीसारखा. तो बाटलीत ओतताना त्या हळूच म्हणाल्या, "लाभ." पुढचा तसाच भरून, "दोन." मग, "तीन." मोजणी संपली आणि वर आणखी अर्धा चमचा पडला.

"आई, हा वरचा कशाला?"

"मोजून झाल्यावर हात रिता काढू नये, बाय."

सासूबाई माजिवड्याच्या जुन्या शेतकरी घरातल्या. आता तिथे इमारती आहेत, पण त्यांच्या तरुणपणी खळ्यावर भात मोजायचं काम त्यांच्याकडे असायचं. पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. पायली शीग लावून भरायची. हे मी त्यांच्या तोंडून कितीदा तरी ऐकलं होतं, आणि त्याचा दुधाच्या डब्याशी काही संबंध असेल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. आम्ही डब्यामागून डबे बदलत होतो आणि प्रत्येक डब्यातला चमचा शीग घेऊनच बाहेर येत होता.

मनात पाठ केलेलं भांडण मला एकदम आठवेना. मी डबा फिरवून त्यांना मागचं चित्र दाखवलं. सपाट चमच्यापुढे बरोबरची खूण, शिगेच्या चमच्यावर फुली.

"आई, हे सपाट घ्यायचं असतं. नाहीतर पाणी कमी पडतं. दूध दाट होतं आणि तिच्या पोटाला झेपत नाही."

त्यांनी चित्र बराच वेळ पाहिलं. मग खुर्ची ओढून बसल्या.

"म्हंजे मीच दुखवीत होती तिला."

"तसं नाही हो."

"तसंच हाय." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. "सपाट माप व्यापाऱ्याला द्यायचं. घरचे लेकराला कोन देतं?"

दुखण्याचं कारण सापडलं म्हणून मला सुटल्यासारखं वाटत होतं आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. दोन्ही एकाच वेळी खरं होतं.

त्या दिवसापासून बाटली मी करायला लागले आणि लेक पुन्हा निवली. पण सासूबाईंनी डब्याला हात लावणं सोडलं. लेकीला खेळवायच्या, न्हाऊ घालायच्या, आणि दुधाची वेळ झाली की मला हाक मारून बाजूला व्हायच्या. नवरा दबक्या आवाजात म्हणाला, "पाळणाघर बघू या का?" घर असं लहान की दबका आवाजही पुरतो. त्यांनी ऐकलं आणि देवघरातल्या समया घासायला घेतल्या. सणवार काही नव्हता.

कामावर जायचा दिवस जवळ आला तशी मी सरळ त्यांच्यासमोर जाऊन बसले.

"आई, मी गेल्यावर बाटली कोण करणार?"

"तुज्या आईला बोलाव. तिचा हात बरोबर हाय."

"तिचा हात कसला बरोबर. ती चाकू वापरते. चाकू आपल्याकडेही आहे."

त्या उठून लेकीची दुपटी वाळत घालायला गेल्या. मला वाटलं, नोकरी गेली. खरंच तसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी अंघोळीला गेलेले आणि लेकीने भुकेचा सूर लावला. घाईघाईने अंग पुसत होते तोवर रडणं थांबलं. बाहेर आले तर सासूबाई तिला कडेवर घेऊन ओट्याशी उभ्या होत्या. पाणी घेऊन झालं होतं. लेक त्यांच्या गळ्यातल्या माळेशी खेळत होती. त्यांनी चमचा डब्याच्या काठाला टेकवून धरला, चाकूची पाठ त्यावरून फिरवली आणि वरची पावडर डब्यात पडली. पडलेल्या त्या पावडरीकडे त्या क्षणभर बघत राहिल्या.

"लाभ," त्या म्हणाल्या, आणि सपाट चमचा बाटलीत ओतला.

मी दारातूनच मागे फिरले आणि केस पुसत बसले. मला रडू येत होतं आणि ते त्यांना दिसायला नको होतं.

पहिल्या दिवशी ऑफिसला निघताना त्यांनी माझा डबा भरून ठेवला होता. भात काठाच्या वर आला होता, त्यावर वालाचं बिरडं, आणि कडेला कोंबलेली तांदळाची भाकरी. झाकण वर तरंगत होतं.

"आई, एवढं कोण खाणार? झाकण लागत नाहीये."

लेकीला खांद्यावर थोपटत त्या म्हणाल्या, "तुला कुठं डॉक्टरनं सांगितलंय? तुज्या डब्याला चाकू लावायचा नाय."

मी झाकण दोन्ही हातांनी दाबून बसवलं आणि कामावर गेले.