कूलर बंद करून

लग्नाचे व्हिडिओ एडिट करणं हा माझा धंदा. अकोल्यात, गच्चीवरच्या टिनाच्या खोलीत. नवीन ग्राफिक्स कार्ड घ्यायला अमरावतीच्या एका दुकानात गेलो, तेव्हा दोन कार्डांचे आकडे इंटरनेटवरून पाठ करून गेलो होतो. महागडं कार्ड जास्त वेगवान, त्यामुळे तेच घ्यायचं ठरलेलं होतं.

दुकानदाराने माझे आकडे शांतपणे ऐकले, गळ्यातल्या दुपट्ट्याने कपाळ पुसलं आणि कूलर बंद केला. मे महिन्याची दुपार होती.

“काहून बंद केला?” मी विचारलं.

“परीक्षा घ्याची हाय.”

दोन सारख्या कॉम्प्युटरांत एकेक कार्ड बसवून त्याने दोन्हींवर माझ्या पेनड्राइव्हमधला एक हळदीचा व्हिडिओ रेंडरला, म्हणजे पक्की फाइल तयार करायला, लावला. महागडं कार्ड सुसाट पुढे गेलं. मी खुशीत त्याच्याकडे पाहिलं, तर तो स्क्रीनकडे बघतच नव्हता. डोळे मिटून दोन्ही कार्डांच्या पंख्यांचा आवाज ऐकत होता.

अर्ध्या तासात माझं लाडकं कार्ड तापलं, घरघरायला लागलं आणि मागे पडलं. स्वस्त कार्ड आपल्या चालीने चाललंच होतं.

“आकडे एसीतले असतेत, भाऊ,” तो डोळे उघडून म्हणाला. “पह्यले दहा मिनिट सारेच धावतेत.”

मी स्वस्त कार्ड घेतलं. आता मे महिन्यात दुपारी मीच वैतागून पाणी प्यायला खाली उतरतो. वर कार्ड चालूच असतं. त्याने त्या दिवशी परीक्षा माझीही घ्यायला हवी होती.