साडेसातची मालिका

मेडशीच्या स्टँडवरच्या हॉटेलात एक म्हातारी रोज साडेसातला मालिका पाहायला यायची. सुरुवातीचं गाणं लागलं की पदर सावरून बसायची, जणू पाहुण्यांकडे आली आहे. एकदा मला म्हणाली, "पुण्यात माही पोरगी बी आत्ता हेच पाहून राह्यली असन."

मी शहाणपणा केला. "बाई, आता मोबाईलवर कवाही पाहता येते. पोरगी कायले याच वक्ताले टीव्हीपुढं बसन?"

"मंग मी एकटीच पाहत होती काय?" असं म्हणून ती मालिका अर्धी टाकून उठली, ती पुन्हा आली नाही.

हॉटेलवाला सांगतो, आजारी असेल. तसं नाही. तिला मी उठवलं. आता साडेसातला मीच तिथे बसतो, तीही कुठेतरी हेच पाहत असेल असं धरून.