आक्काचे चार वाफे

मंगळवारी सकाळी बेळगावात, लेकाच्या घरी, मी शेपू निवडत बसले होते. फोन वाजला. बोरगावहून बाळू, माझा पुतण्या. म्हणाला, "काकू, आई गेली." मी विचारलं, "कुठं गेली?" ... आणि वर ठणकावून, "गुडघ्याचं ऑपरेशन झालेली बाई, एकटीला कशी सोडलास रं?" मग तो म्हणाला, "चहा पिऊन खुर्चीत बसली व्हती वो..." तेव्हा कळलं. म्हणजे कानाला कळलं. पाच आठवडे झाले, बाकीच्या मला अजून कळायचंय. ती जाण्याआधीचे आठ दिवस आम्हा दोघींत फोन झाला नव्हता, आणि चूक माझी होती.

आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, बाळूची आई. मी लग्न होऊन बोरगावात आले तेव्हा शहरातली, दहावी पास, आणि बावळटपणात तर पहिला नंबर. पहिल्याच भांगलणीला, तण काढायला, मनगटावर घड्याळ बांधून गेले. बायका खुरपी थांबवून बघायला लागल्या. मला वाटलं, कौतुक! सगळ्यांच्या आधी आपली पात संपवायची म्हणून सटासट खुरपं चालवलं, पहिली आले, आणि मागं वळून बघते तर तणाबरोबर मिरचीची निम्मी रोपंही साफ. ती गवताखाली दडपली आणि काही झालंच नाही अशी उभी राहिले. आक्कानं सगळं पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी सासरे उठायच्या आत तिनं रिकाम्या जागी नवी रोपं लावून टाकली. मला एवढंच म्हणाली, "सुमे, घड्याळाला भांगलण येत न्हाय."

पुढं तीसेक वर्षं आम्ही दोघींनी तेच रान कसलं. मिरची, तंबाखू, परत मिरची. तंबाखूचे शेंडे खुडून हात असे चिकट व्हायचे की दोनदा धुतले तरी भाकरी कडू लागायची. पुढच्या जन्मी शेत नको, असं मी रोज एकदा तरी म्हणायची. आक्का काही म्हणायची नाही. म्हणून दोन वर्षांपूर्वी, ऑपरेशननंतर तिचा वेळ जावा म्हणून माझ्या नातीनं, मेघानं, तिच्या मोबाईलवर शेतीचा खेळ घालून दिला, तेव्हा मी पोट धरून हसले. बोटानं नांगरायचं, बोटानं पेरायचं, एकेका वाफ्याला बोट लावून पाणी घालायचं, पीक आलं की कापायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. रोज तेच. "आक्का, जल्मभर राबून हौस फिटली न्हाय व्हय?" मी म्हणायची. "ये की, निम्मं वाटून घे," ती चष्म्यावरून बघत म्हणायची. सोमवारी मात्र खेळ बंद. आमच्याकडं सोमवारी बैल औताला जुंपत नाहीत, तो बसवण्णाचा, नंदीचा वार. आक्कानं तो नेम मोबाईलमधल्या बैलांनाही लावला होता.

अशाच एका सोमवारी मी बोरगावात होते. आक्का देवळात गेलेली, मोबाईल खाटेवर. चार जाहिराती बघितल्या की एक यंत्र मिळतं आणि सगळं शेत एका दमात उरकतं, हे मेघाकडून मी शिकून ठेवलं होतं. म्हातारीला चकित करायचं, एवढाच विचार... वय पंच्याहत्तर आणि अक्कल अजून त्या घड्याळवालीची! यंत्रानं भराभरा कापलं, पेरलं, कोठार गच्च भरलं. आक्का आली, तिनं चष्मा लावून मोबाईल हातात घेतला.

"सोमवारी जुपलीस?"

"बैल काचंतला हाय गं आक्का! तुझं म्हयन्याचं काम उरकलं की."

"व्हय. मग आता मी काय करू?"

मी हसतच होते. "कट्टाळा येत न्हाय तुला? तेच तेच, तेच तेच..."

"सुमे, मला कामाचा कट्टाळा कवाच न्हवता. धास्तीचा व्हता. पाऊस ईल का, रोग पडंल का, मामंजी काय म्हंतील. हितं पाणी घातलं की उगवतंयच. हात चालतोय आन् जीव गप बसतोय. असं कवा झालतं का आपलं?"

तेव्हा मी गप्प बसायला हवं होतं. पण "मग बस खुडत!" म्हणाले आणि दुपारची बस धरली. आठ दिवस वाटत राहिलं, करील की ती फोन. थोरली आहे... करील.

दिवसकार्य झाल्यावर बाळूनं तिचा मोबाईल माझ्या हातात ठेवला. "काकू, तुमीच ठेवा. आमाला बघवत न्हाय." घरी येऊन खेळ उघडला. कोठार नाही, यंत्र नाही, दोन वर्षांची शेती नाही. उघड्या माळावर फक्त चार वाफे, पेरलेले. आक्कानं सगळं पुसून पहिल्यापासून सुरू केलं होतं!

मी बाळूला फोन लावला. "आक्का रागावलीती का रं माझ्यावर?"

"न्हाय वो काकू. हसत व्हती. म्हणली, सुमीनं रान मोकळं करून दिलं, आता परत पेराय गावलं."

बाळू मऊ मनाचा. मला बरं वाटावं म्हणूनही म्हणाला असेल. आता कुणाला विचारणार?

मेघाला म्हटलं, "इतके दिवस पाणी नाही, पीक वाळलं असेल ना गं?" ती म्हणाली, "नाही आज्जी, ह्या खेळात वाळत नाही. पाणी घालेपर्यंत तसंच थांबतं."

थांबतं... मी तोंडाला पदर लावला.

आता जेवण झालं की मी तासभर बसते. पाणी घालते, उगवतं, कापते, पुन्हा पेरते. तेच तेच. मध्येच लक्षात येतं की मघापासून आपल्याला कुठं पोचायची घाईच नव्हती. आक्का म्हणत होती ते हेच असणार. मला कळायला तिला जावं लागलं.

तीन वाफे मी करते. चौथ्याला अजून पाणी घातलेलं नाही. मेघा मागून डोकावते, "आज्जी, एक राहिला." मी म्हणते, राहू दे. त्यातलं बी आक्काच्या बोटानं पडलंय. पाणी घातलं की ते उगवेल, उगवलं की कापावं लागेल, आणि मग त्या रानात सगळं मी पेरलेलंच उरेल. उभा जन्म मला उरकायची घाई. एवढा एक वाफा तेवढा मला उरकायचा नाही.