टाचांचे खड्डे

मैत्रिणींनो, शिक्षिकांच्या खोलीतल्या या फळ्यावर आपण दिवसभरातलं बरंवाईट लिहितो. आजचं लिहिताना मात्र मला लाज वाटते आहे.

दुपारी बैलांच्या दमणीत बसून बंजारा तांड्यावर गेले होते. आपल्या सातवीतल्या जमनीच्या बहिणीचं उद्या लग्न. मांडवाखालचं अंगण तिच्या आईने नुकतंच मातीने लिंपून सारवलं होतं. बायका त्यावरून अनवाणी ये-जा करत होत्या. मी नागपूरहून आणलेल्या उंच टाचांच्या सँडल मिरवत थेट आत शिरले.

वळून पाहिलं, तर माझ्यामागे ओल्या अंगणात खड्डेच खड्डे.

जमनीची आई चकित झाली. "आमी इतक्या जनी चालून राह्यलो, तं काही नाही झालं. बाई तं आमच्याहून बारीक हायेत!"

जमनी उत्साहाने आईला म्हणाली, "याडी, टाच बारीक हाये ना, म्हनून सारा भार तेवढ्याच जागेवर पडते. बाईनंच शिकवलं."

आई माझ्याकडे वळली. "मंग बाईले माहीत होतं?"

तिच्या आवाजात राग नव्हता. ती खरंच विचारत होती.

मी सँडल काढल्या, पदर खोचला आणि तिच्याशेजारी खड्डे बुजवायला बसले. तिने नको म्हटलं नाही.

वर्गात शिकवलेलं आपण वर्गाबाहेर पडताना कुठे ठेवून येतो गं?