ट्रॅक्शनच्या खाटेवरचा कापूस

"कौसाबाई!"

वॉर्डातल्या आयांची हजेरी घेताना मी तिसऱ्यांदा हाक मारली. कौसाबाई माझ्यासमोरच उभी होती. खिडकीबाहेर बघत होती, चेहरा झोपेतल्यासारखा शांत. शेजारच्या रहिमाबीनं कोपर मारलं, तेव्हा म्हणाली, "मला म्हणून राहिल्या व्हय, सिस्टर?"

बाकीच्या आया हसल्या. मीही हसले. तिथंच माझं चुकलं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. हिंगोलीकडच्या एका लहान सरकारी दवाखान्यात मी बायकांच्या वॉर्डची सिस्टर इन्चार्ज होते. साखरा गावची एक आजी खुबा मोडून आली होती. तिला ट्रॅक्शन लावलं होतं, म्हणजे पायाला वजन बांधून हाड जागेवर धरलं होतं. दोन महिने हलायचं नाही. आणि आजीला तर आपण कुठं आहोत हेच कळत नव्हतं. आज त्याला डिमेन्शिया म्हणतात. तेव्हा आम्ही केसपेपरवर 'सिनाइल' लिहायचो आणि आपसात म्हातारचळ म्हणायचो. आजी दोऱ्या ओढायची, चावायची, "वावरात जायचंय, सोडा मला" म्हणून वॉर्ड डोक्यावर घ्यायची.

कौसाबाई जवळ बसली की मात्र निवायची. आजीला ती आपली चंद्रा वाटायची. चंद्रा आजीची लेक, लग्नाआधीच तापानं गेलेली.

दुपारी ऊन चादरीवर उतरायचं. आजी हवेतला कापूस वेचायची आणि कौसाबाई पदराची ओटी धरून बसायची.

"भरली का गं ओटी, चंद्रे?"

"भरत आली, माय."

बघता बघता मलाही ते पांढरं वावर दिसायला लागायचं. बाकीच्या पेशंट कूस बदलून झोपी जायच्या. इतका गोड वॉर्ड मी कधी चालवला नव्हता. म्हणून सहा-सात आठवडे मी कौसाबाईची ड्युटी बदललीच नाही.

त्या सकाळी हजेरीनंतर रहिमाबीनं मला चादरींच्या खोलीत गाठलं. "सिस्टर, तुमी हसल्या, पण तिचं काही बराबर न्हाई. आमची भिंतीला भिंत, मला दिसतं. घरी चुलीपुढं बसून आजीवानी हात असे असे करती. लेकरू आये आये करून थकलं, हिचं ध्यानच न्हाई. नवरा म्हणतो, बाहेरचं लागलं."

मी लगेच कौसाबाईला बोलावलं. "अगं, मला आधी का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? मी कुठं वझं उचलती? नुसती बसती." मग हळूच म्हणाली, "रोज ती इचारती, ताप उतरला का गं तुझा. मी व्हय म्हणती. मेलेल्या पोरीच्या जागी बसून रोज व्हय म्हणायचं. आता कवा कवा खरंच अंग तापतं, सिस्टर." आणि तोंडात पदर कोंबून रडायला लागली. मला माझीच लाज वाटली.

डॉक्टरसाहेबांना सांगितलं. ते वैतागले. "आठ-दहा दिवस राहिलेत, आत्ता कशाला बदल? म्हातारीनं पाय आपटला, हाड सरकलं, तर जबाबदारी कोणाची?"

"माझी. आणि कौसाबाई सरकली तर, साहेब? तिला कुठलं वजन बांधायचं?"

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "करा काय करायचं ते."

त्या दुपारी रहिमाबीला बसवलं. मी पायाच्या वजनाला हात लावून उभी. कौसाबाई दारात. आजी रहिमाबीकडे कितीतरी वेळ बघत राहिली.

"चंद्रे, किती उशीर केला गं," आजी म्हणाली. "धर ओटी."

"धरली, माय."

हुश्श! मी हसत मागं वळले, तर कौसाबाईचा चेहरा पार उतरलेला.

"इतक्यात इसरली व्हय मला?" ती म्हणाली.

मग आम्ही पाळ्या लावल्या. दोन तासांच्या वर कुणी तिथं बसायचं नाही. उठल्यावर आधी चहा, आणि मनात काय चाललंय ते मला सांगायचं. हाड जुळलं. मुलानं आजीला बैलगाडीत बसवलं, तेव्हा सगळ्या आया निरोपाला गेल्या. कौसाबाई व्हरांड्यातच थांबली.

"जा की," मी म्हटलं.

"वळखणार न्हाई ती," ती म्हणाली. "आन् मी तिला जलमभर इसरायची न्हाई."

तेव्हापासून वॉर्ड फार शांत दिसला, की मी पेशंटच्या आधी आयांची तोंडं बघायचे.