मुहूर्तमेढीवर दोन टिचक्या

हर्षला गेली, हे गावाला मी कळवलं, आणि तिथेच घोटाळा झाला. खाडीपलीकडे कोंबडी शिंकली तर अलीकडे वादळ झालं म्हणून सांगणारा माणूस, अशी माझी ख्याती. मी फोनवर फोन करत सुटलो आणि लोक हसत होते. "बरं, आज काय नवीन?" एकाने विचारलं. खडवलीला नदीकाठी गायला गेलेली, पाण्यात पाय सोडून गिटार जुळवत होती, छातीत कळ आली म्हणाली आणि... चाळिशीसुद्धा गाठली नव्हती. जन्मात पहिल्यांदा मी एक अक्षर न वाढवता काही सांगत होतो, आणि नेमकं तेच कोणाला पटेना. मला तरी कुठे पटलंय? महिना उलटून गेला, अजून फोन वाजला की वाटतं, हीच असणार.

त्यात माझ्या मनूचं लग्न तोंडावर आलेलं. मनू पाळण्यात होती तेव्हापासून हर्षूने कबूल केलेलं, हिचा धवला मीच गाणार. बाहेरच्यांसाठी सांगतो. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण बाई गाते, ते हे धवले. देवांना, पाहुण्यांना, घरातल्या गेलेल्या माणसांनाही ती नावानिशी मांडवात बोलावते. नावं ज्या त्या घरची, त्यामुळे प्रत्येक घरचा धवला निराळा. आता मनूचा कोण गाणार, हेच आमच्या घरात जो तो दुसऱ्याला विचारत होता.

हर्षू आमच्या शेजारची, पण आत्या-भाची दोघी आमच्या घरच्याच. गाणं उचललं ते तिच्या जनीआत्याकडून. आत्या उभा जन्म मिठागरात राबलेली. तिने डोंबिवलीत तोंड उघडलं की ठाण्यात लोक खिडक्या लावून घेत, असा आवाज. हर्षू तिच्या मागे बसून शेवटची ओळ ओढायची. माझ्या लग्नात आत्याचा घसा ऐनवेळी बसला आणि दहावीतली हर्षू पुढे सरसावली. आत्यासारखीच तिने आधी मुहूर्तमेढीवर अंगठीने दोन टिचक्या मारल्या. लाकडाच्या त्या आवाजात आत्या आपला सूर शोधायची. सुरुवात झकास झाली. मग गेलेल्यांची नावं आली. पणजोबा आले, आजोबा आले, आणि त्याच झोकात आले माझे नथूकाका... जे समोरच पंगतीत बसून वडे खात होते. मांडव गारठला. हसावं की रडावं हे काकीला ठरवता येईना. काकांनी हातातला वडा खाली ठेवला, उठले आणि हात जोडून हर्षूसमोर उभे राहिले.

"आयलू गो बाय," म्हणाले, "जेवतच व्हतू."

दुसरी कोणी असती तर पुन्हा गायला बसली नसती. ही दुसऱ्या दिवसापासून घरोघर हिंडायला लागली. कोण आहे, कोण गेलं, कसं गेलं, हे विचारत सुटली. विचारायला गेली नावं आणि घेऊन आली माणसांच्या कहाण्या. कल्याणच्या कॉलेजात गिटार हातात आली, तेव्हा त्या कहाण्यांची गाणी व्हायला लागली. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये, चौदाव्या मजल्याच्या गॅलरीतून आपल्या शेताचा बांध शोधणारी म्हातारी, हे तिचं गाणं ऐकून तिथल्याच एका कॅफेतल्या आयटीवाल्यांची कॉफी थंड झाली. कॅफेत माणसं मोजकी होती, बाकीची ट्रॅफिकमध्ये अडकलेली, ते सोडा. गिटारच्या लाकडावरही आधी दोन टिचक्या ठरलेल्या. टेंभी नाक्याला नवरात्रात आयोजक म्हणाले, जरा डीजे लावू. ती नुसत्या गळ्याने गायली. मी सगळीकडे सांगतो की देवीने मान वळवली. तिने नसेल वळवली, पण ढोलवाल्यांनी काठ्या खाली ठेवल्या, एवढं शंभर टक्के.

स्वतःची गाणी ती स्वयंपाकघराच्या खिडकीला गादी लावून मोबाईलवर रेकॉर्ड करायची आणि स्वतःच लोकांपर्यंत पोचवायची. एक म्युझिक कंपनीवाला धवले रेकॉर्डिंगला मागायला आला, तेव्हा मात्र त्याला चहा पाजून वाटेला लावलं. मी चिडलो. ती म्हणाली, "अरे दादा, त्यात नावं कोणाची घेऊ? ऐकणाऱ्याचं घर मला ठाऊक नको?" त्यामुळे तिच्या आवाजातला एकही धवला मागे राहिलेला नाही. मी वेड्यासारखे सगळ्यांचे मोबाईल तपासले...

शेवटी मनूच्या मांडवात माझी बायको पुढे बसली. इतकी वर्षं ती हर्षूच्या मागे ओळ ओढायची. मेढीवर टिचक्या मारायचं तिच्या लक्षातच आलं नाही, कोणाच्याच आलं नाही. गेलेल्यांची नावं सुरू झाली. जनीआत्यापर्यंत आली आणि थांबली. पुढचं नाव सगळ्या बायकांच्या ओठावर होतं, घेईना कोणी. घेतलं की ती खरंच गेली. बायकोने माझ्याकडे पाहिलं. एरवी माझं तोंड बंद करायला गाव कमी पडतं. त्या दिवशी मी मान खाली घालून सांडलेल्या अक्षता वेचत बसलो.

नव्वदीला टेकलेले नथूकाका खुर्चीतून बोलले, "घे नाव तिचा. मना जिता असताना बोलवलान, तरी मी आयलू. ती का नाय येवाची?"

बायकोने नाव घेतलं.

लग्न पार पडलं. मांडववाला त्याचे लोखंडी खांब घेऊन गेला. दारातली मुहूर्तमेढ मी काढू दिलेली नाही. येताजाता तिच्यावर दोन टिचक्या मारतो आणि थांबतो. आवाज लाकडाचाच येतो. हे मात्र मी वाढवून सांगत नाही.