स्टॅम्पपेपरवरची वंशावळ

"जळायला आधी काहीतरी असावं लागतं गं," वहिनी म्हणाल्या आणि अख्खा हॉल हसला.

अ‍ॅमस्टेलव्हीनमधलं त्यांचं घर, अ‍ॅमस्टरडॅमला लागूनच. नात्याच्या नव्हेत, इथल्या सगळ्यांच्याच त्या वहिनी. रविवारची दुपार, आठ-दहा मराठी बायका, टीव्हीला जोडलेला माझा लॅपटॉप. वंशवृक्ष कसा काढायचा ते दाखवायला मला बोलावलं होतं, कारण माझी नोकरीच ती. वहिनींनी पुण्याहून आणलेला कुलवृत्तान्त मांडीवर घेतला होता. जाड पुठ्ठ्याचा, चौदा पिढ्या छापलेल्या. मी एकेक करून सगळ्या भरल्या. मग त्या म्हणाल्या, "आता तुझं भर. मूळ गाव कुठलं? कुलदैवत?"

माझं आडनाव गावावरून घेतलेलं, शेवटी 'कर'. त्यावरून काही कळत नाही. पप्पांनी ते मुद्दाम तसं निवडलं होतं. चार वर्षं मी इथे त्या आडनावाआड लपून होते. मी म्हणाले, "आमचे कागद जळून गेले. घराला आग लागली होती."

त्यावर त्यांचं ते वाक्य. त्यांना संशय होता की नुसताच खवचटपणा, कोण जाणे. सगळ्या हसल्या. मीही हसले. दात काढून हसले. शेजारी माझी नऊ वर्षांची लेक चिवडा खात होती, ती माझ्याकडे बघत राहिली.

आगीची थाप माझी नव्हे. ती मी ऑफिसातून उचलली. अ‍ॅमस्टरडॅमच्या एका छोट्या कंपनीत मी सॉफ्टवेअर तपासते. जगभर पांगलेल्या आयरिश लोकांना आम्ही त्यांचे पूर्वज शोधून देतो. डब्लिनचा सरकारी दप्तरखाना जळाला, त्यात जुन्या जनगणना गेल्या. मग चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या वह्या बघायच्या, जमीन कसणाऱ्या कुळांच्या याद्या बघायच्या, थुंकीतून डीएनए काढून लांबचे भाऊबंद जुळवायचे. 'रेकॉर्ड जळालं' हे मी दिवसातून दहादा ऐकते. आयरिश माणूस ते सांगतो तेव्हा समोरचा हळहळतो. मला वाटलं, माझ्यासाठीही कुणी हळहळेल.

स्टाफला डीएनए टेस्ट फुकट आहे. माझी नळी ड्रॉवरमध्ये तशीच पडून. कोण जुळेल आणि काय विचारेल, ह्याची धास्ती.

आमच्याकडे नोरा आहे. साठीची, आयरिश. तिची पणजी वर्कहाऊसमध्ये मेली. गरिबांना कोंडून, राबवून घ्यायची जागा ती. तिथल्या रजिस्टरमध्ये पणजीच्या नावापुढे 'भिकारी' असं लिहिलंय. नोराने ते पान मोठं करून आपल्या टेबलामागे लावलंय. मी एकदा न राहवून विचारलं, लाज नाही वाटत? तिला प्रश्नच कळला नाही. "ती उपाशी होती," म्हणाली. "मला कशाची लाज?" मी कॉफी आणायला निघून गेले.

पंधरवड्याने लेकीच्या शाळेत स्टाम्बोम काढायला सांगितला. म्हणजे वंशवृक्षच. तिने कागद आणून दाखवला. खाली ती, वर आम्ही दोघं, त्यावर आजी-आजोबा. त्यांच्यावर नारिंगी खडूने काढलेल्या ज्वाळा.

"अवर पेपर्स गॉट बर्न्ट, राइट, मम्मा?"

बाईंनी तिला जवळ घेतलं होतं, वर्गाला वाईट वाटलं होतं. पोरीला ते आवडलं होतं. तेव्हाच तिला खरं सांगायला हवं होतं.

पण खरं सांगितलं तर वहिनींचं दार बंद होईल, ही भीती. मंगळवार-गुरुवार शाळा सुटली की लेक त्यांच्याकडेच जाते. शाळेनंतरच्या पाळणाघराची वेटिंग लिस्ट संपता संपत नाही. नवरा आइंडहोवनला, त्याला घरी यायला सात वाजतात. आणि वहिनींची मुलगी म्हणजे माझ्या लेकीची एकुलती एक मैत्रीण. अडला हरी, दुसरं काय. नवरा म्हणाला, "राहू दे ना. इथे येऊन कशाला उकरायचं?" मी राहू दिलं. आठ दिवस ते चित्र फ्रिजवर होतं. दूध काढायला गेलं की ज्वाळा समोर.

आणि कागद तर कपाटात होते.

माझ्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला जात पडताळणी लागली होती. पप्पा एसटीत मेकॅनिक. रजा टाकून टाकून ते तहसीलला गेले, आजोबांच्या शाळेत गेले, रेकॉर्ड रूमला गेले. जन्ममृत्यूच्या नोंदीचा उतारा मोडी लिपीत निघाला, तर मोडी वाचणारा माणूस शोधला. एका ऑफिसातला कारकून त्यांना म्हणाला, "तुमच्यात बाप कोण ते तरी पक्कं असतं का?" पप्पांनी मान खाली घातली आणि पोच मागितली. मी शेजारी उभी होते. सतरा वर्षांची.

शेवटी वंशावळ स्टॅम्पपेपरवर टाइप झाली. मी, पप्पा, आजोबा तुकाराम, पणजोबा सखा, खापरपणजोबा रामा. प्रत्येकाच्या पुढे जात. महार. महार. महार. खाली शिक्का.

वहिनींच्या चौदा पिढ्या त्यांच्याच माणसांनी लिहिल्या, त्यांनीच छापल्या. कुणी पुरावा मागितला नाही. माझ्या पाच पिढ्या सरकारने भिंग लावून तपासल्या, कारण आमच्या शब्दावर कुणाचा विश्वास नव्हता. त्या हॉलमध्ये माझ्याइतका पक्का कागद कुणाकडेही नव्हता. आणि पप्पांनी मान खाली घालून जे गोळा केलं, ते मी चिवडा खाता खाता जाळून मोकळी झाले. मला माझीच शिसारी आली.

शनिवारी फाईल काढली. लेकीला म्हटलं, मम्मा खोटं बोलली. काही जळलं नाही. तिने एकेक नाव बोट ठेवून वाचायला लावलं. मग विचारलं, "व्हॉट इज महार?"

म्हटलं, "ज्यांना गावाबाहेर ठेवलं, पाण्याला शिवू दिलं नाही, ती माणसं. त्यांनी तसं वागवणारा धर्म सोडला, बौद्ध झाली. ती आपण."

तिने नवा कागद घेतला. सखा, रामा लिहायला तिला वेळ लागला.

गुरुवारी तिला आणायला गेले तर तो कागद वहिनींच्या हातात.

"रेकॉर्ड सापडलं वाटतं?"

"हरवलंच नव्हतं," मी म्हणाले. "मी खोटं बोलले. आम्ही महार. आता बौद्ध. कुलदैवत नाही."

आवाज कापला नाही.

"अगं, आम्ही कुठे असलं काही मानतो?" वहिनी म्हणाल्या. मग दोघी मुलींकडे बघून, हळूच, "पण मुलींसमोर कशाला?"

"मुलींसमोरच," मी म्हणाले.

सोमवारी मेसेज आला. घरात जरा गडबड आहे, यापुढे मंगळवार-गुरुवार जमणार नाही, गैरसमज नको. शेवटी जोडलेले हात.

लेकीने विचारलं, "बिकॉज ऑफ द ट्री?"

वहिनींना काम असेल गं, हे वाक्य माझ्या ओठांवर तयार होतं. इतक्या वर्षांची सवय. मी ते गिळलं.

"हो," म्हटलं. "त्यामुळेच."

ती रडली. मी समजूत घातली नाही. नुसती शेजारी बसून राहिले. आता मंगळवार-गुरुवार मी दुपारीच ऑफिस सोडते, तिला मीच आणते. तिला नवी मैत्रीण मिळेल, किंवा नाही मिळणार. पण यापुढे कुणाच्याही घरात पाय टाकायच्या आधी मी सांगणार, मी कोण ते. विचारलं तर सांगणार. नाही विचारलं तर आधी सांगणार. ज्याला दार लावायचंय त्याने ते सगळं ऐकून, माझ्या तोंडावर लावावं. माझ्या पोरीच्या देखत.